वर्गात अंधार करून शिकवतात तो विषय

केंब्रिजमधलं व्याख्यान संपलं की लुडविग विट्गेनश्टाईन बऱ्याचदा तडक सिनेमाला जायचे. विसाव्या शतकातल्या सर्वांत अवघड तत्त्वज्ञांपैकी ते एक. शिकवताना स्वतःशीच इतके झगडायचे की तास संपेपर्यंत पार थकून जायचे. मग एखाद्या विद्यार्थ्याला बरोबर घ्यायचं, थिएटर गाठायचं आणि अगदी पहिल्या रांगेत बसायचं, म्हणजे डोळ्यांपुढे पडद्याखेरीज काही उरायला नको. त्यांचे विद्यार्थी नॉर्मन माल्कम यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. शॉवरखाली उभं राहिल्यासारखं वाटतं, असं विट्गेनश्टाईन म्हणायचे. म्हणजे सिनेमा कशासाठी, तर डोक्याला चिकटलेलं तत्त्वज्ञान धुऊन काढायला.

ज्या दोन गोष्टी त्यांनी अशा लांब लांब ठेवल्या, त्या आज अनेक विद्यापीठांत एकाच तासाला शेजारी बसतात. विषयाचं नाव कुठे 'चित्रपट आणि तत्त्वज्ञान' असतं, कुठे 'चित्रपटातून तत्त्वज्ञान'. नाव वाचून पहिल्या दिवशी वर्ग भरतो, कारण हा सोपा विषय आहे अशी सगळ्यांची खात्री असते. चित्रपट पाहायचा, जगण्याच्या अर्थाबद्दल थोडं गंभीर बोलायचं, गुण घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तक्रार सुरू होते की इथे चित्रपट धड बघूच देत नाहीत. दहा मिनिटं झाली की थांबवतात आणि विचारतात, 'आत्ता कॅमेरा कुठे होता?'

कॅमेरा कुठे होता याचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध? हा प्रश्न ज्याला मनापासून पडला त्याला विषयाचं दार सापडलं. त्या दाराशी पोचायच्या आधी मात्र एक घोळ निस्तरावा लागतो. या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी शिकवल्या जातात आणि बऱ्याचदा शिकवणाऱ्यालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

सर्वांत ओळखीची आणि माझ्या मते सर्वांत कमी कसाची गोष्ट म्हणजे चित्रपट उदाहरणादाखल वापरणं. 'द मॅट्रिक्स' (१९९९) हा याचा ठरलेला मानकरी. त्यात माणसं यंत्रांनी रचलेल्या खोट्या जगात, ते खरं समजून जगत असतात. देकार्तने १६४१ साली विचारलं होतं, एखादी कपटी शक्ती मला सतत फसवत असेल आणि समोर दिसणारं हे सगळं जग खोटंच असेल, तर मला ते कळेल का? हिलरी पुटनमने १९८१ मध्ये तोच प्रश्न नव्या रूपात मांडला. द्रवात ठेवलेला, तारांनी यंत्राला जोडलेला एक मेंदू, आणि त्याला वाटतंय की आपण मजेत फिरतोय. चित्रपट दाखवला की हे सारं दहा मिनिटांत डोक्यात शिरतं. सोय चांगली आहे. पण देकार्त समजल्यावर चित्रपटाचं काम संपतं. नदी ओलांडून झाल्यावर नावेकडे कोण बघतं?

खरं तर त्याच चित्रपटात याहून चांगला प्रश्न दडलेला आहे. रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये एक कल्पना मांडली होती: हवा तो सुखद अनुभव देणारं यंत्र आहे, आणि एकदा जोडून घेतलं की हे यंत्राचं काम आहे हे आठवणारही नाही. जोडून घ्याल? नोझिकला वाटत होतं की आपण नको म्हणू, कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ते खरोखर घडलेलं हवं असतं. चित्रपटातलं सायफर नावाचं पात्र मात्र हो म्हणतं. खोट्या जगात चाललेल्या सुखाच्या जेवणासाठी खरं जग सोडायला तो तयार आहे. इथे विद्यार्थ्याने थांबून बघायला हवं की चित्रपटाने या माणसाला विश्वासघातकी करून ठेवलंय. त्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच आपल्याला त्याचा राग आलेला असतो. म्हणजे नोझिकच्या बाजूने फासे आधीच वजनदार केलेले आहेत. हे ज्याच्या लक्षात आलं त्याने चित्रपटाचा उदाहरण म्हणून वापर करणं सोडलं. तो आता चित्रपटाशी वाद घालतोय.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रपट या चीजेबद्दलचं तत्त्वज्ञान. मुळात हे काय आहे? पडद्यावरच्या प्रकाशाच्या ठिपक्यांकडे बघून आपण का रडतो?

लुमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून आपली चित्रं दाखवली. त्यानंतर जेमतेम वीस वर्षांनी, १९१६ मध्ये, हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचं चित्रपटावरचं पुस्तक आलं. मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्हींत वावरणारा हा माणूस त्याच वर्षी गेला. त्यांचं म्हणणं आजही वर्गात ताजं वाटतं. क्लोजअप म्हणजे काय? नाटकात नायिकेच्या हातातल्या पत्राकडे लक्ष द्यायचं काम प्रेक्षकाचं मन करतं, चित्रपटात ते काम पडदाच करून टाकतो. पत्र मोठं होतं, बाकीचं जग नाहीसं होतं. फ्लॅशबॅक म्हणजे तसंच बाहेर काढून ठेवलेलं स्मरण. म्हणजे चित्रपट जगाची नक्कल करण्याऐवजी मनाच्या हालचालींची नक्कल करतो.

आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने १९४५ मध्ये नेमकी उलट बाजू धरली. त्यांच्या लेखी छायाचित्राचं मोठेपण यात आहे की वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्यामध्ये चित्रकाराचा हात येत नाही. बोटाचा ठसा उमटावा तशी वस्तू उमटते. म्हणून कितीही अस्पष्ट असला तरी फोटो 'हे होतं' अशी ग्वाही देतो, ती सुंदर चित्रालाही देता येत नाही. आता संगणकावर शून्यातून चेहरे तयार होत असताना बाझँ वाचणं मोठं गमतीचं झालंय. त्यांचा सिद्धांत चूक ठरला, की तो ज्या वस्तूबद्दल होता ती वस्तूच बदलली, यावर वर्गात छान भांडणं होतात.

पण या भागातला माझा सर्वांत आवडता प्रश्न भीतीचा आहे. केंडल वॉल्टनने १९७८ च्या एका लेखात चार्ल्स नावाचा प्रेक्षक कल्पिला. पडद्यावर हिरवा चिकट गोळा सरपटत थेट त्याच्याकडे येतोय. चार्ल्स खुर्ची घट्ट धरतो, किंचाळतो, छाती धडधडते. बाहेर आल्यावर म्हणतो, मी जाम घाबरलो होतो. वॉल्टन विचारतो, खरंच घाबरला होतास तर पळाला का नाहीस? पोलिसांना फोन का नाही केलास? वॉल्टनचं उत्तर असं की चार्ल्सची भीती खेळातली आहे. लहान मूल वाघ झालेल्या बापापासून किंचाळत पळतं, तशी. नोएल कॅरोलने १९९० मध्ये भयपटांवरच्या पुस्तकात याला हरकत घेतली. भीती वाटायला समोर खरा धोका असावा लागत नाही, धोक्याचा नुसता विचारही पुरतो. कड्याच्या टोकाशी, तोल सांभाळून, पूर्ण सुरक्षित उभं राहून 'पडलो तर' असा विचार करून पाहा.

मराठी वाचकाला इथे एक जादा पान उघडून बसता येतं. काश्मीरचे अभिनवगुप्त दहाव्या-अकराव्या शतकात याच प्रश्नाशी झुंजत होते, आणि त्यांनी घेतलेलं उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलातलं आहे. राजाच्या बाणाच्या धाकाने पळणारं हरीण, मान वळवून मागे रथाकडे बघत. प्रेक्षकाला जाणवतं ते भय कोणाचं? 'मी भ्यालो' असं तो म्हणत नाही. 'ते हरीण भ्यालं' एवढी कोरडी नोंदही नसते. अभिनवगुप्त म्हणतात, स्थळकाळाचं आणि माझं-तुझं यांचं बंधन सुटलेलं, निव्वळ भय तिथे अनुभवाला येतं. त्याला साधारणीकरण म्हणतात. वॉल्टनचा चार्ल्स आणि हे हरीण शेजारी ठेवून पाहिलं की एक फरक उठून दिसतो. वॉल्टन विचारतो, ही भीती खरी की खोटी? अभिनवगुप्त विचारतात, ही भीती कोणाच्या मालकीची? दुसरा प्रश्न मला जास्त खोल वाटतो, पण तो मोह असू शकतो. आपल्या घरातली वस्तू नेहमीच जड लागते.

आता तिसरी गोष्ट. इथेच तो कॅमेरा कुठे होता याचा उलगडा होतो. चित्रपट स्वतःच तत्त्वज्ञान करू शकतो का? तत्त्वज्ञाने आधी केलेल्या विचाराचं चित्र काढणं इथे मोजायचं नाही. दृश्य, संकलन, आवाज, वेळ या स्वतःच्या हत्यारांनी चित्रपटाला नवा विचार करता येतो का? वादासाठी एकच चित्रपट घ्यायचा तर मी अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) घेईन. तो इतका वापरून गुळगुळीत झालाय की बहुतेक जण न बघताच त्याच्याबद्दल बोलतात.

जंगलात एक सामुराई मेला आहे. चौकशीत दरोडेखोर एक हकिकत सांगतो, सामुराईची बायको दुसरी. मेलेला सामुराई एका अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून तिसरी सांगतो. शेवटी लाकूडतोड्या चौथी सांगतो. चारही जुळत नाहीत. यावर विद्यार्थ्यांच्या निबंधातलं ठरलेलं वाक्य असतं: 'म्हणजे सत्य हे सापेक्ष असतं.' हे वाक्य आलं की समजायचं, चित्रपट पाहिला गेला नाही. जंगलात माणूस मेला आहे. तो एकाच रीतीने मेला असणार. काय घडलं हे आपल्याला कळू शकत नाही, आणि नक्की असं काही घडलंच नाही, या दोन म्हणण्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं ज्ञानाबद्दलचं विधान आहे, दुसरं जगाबद्दलचं. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षात एवढा एक फरक पक्का झाला तरी वर्ष वसूल.

आता कॅमेऱ्याकडे या. चौकशीच्या दृश्यांत साक्षीदार अंगणात बसून आपल्याकडे तोंड करून बोलतात. न्यायाधीश कधीच दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार उत्तरं देतात त्यावरून प्रश्न विचारले गेले असावेत एवढंच कळतं. मग न्यायाधीश कुठे बसलाय? तुमच्या खुर्चीत. कुरोसावांनी एकही वाक्य न बोलता तुम्हाला न्यायासनावर बसवलं आणि निकाल द्यायला लागणारं काहीच हाती ठेवलं नाही.

याहून धूर्त गोष्ट पुढे आहे. प्रत्येक साक्ष सुरू झाली की आपण जंगलात जातो आणि ती हकिकत डोळ्यांनी बघतो. पानांतून झिरपणारं ऊन, घाम, तलवारीचा खणखणाट, सगळं खरंखुरं. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय परंपरेने, ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष, विश्वासू माणसाने सांगितलं ते शब्द. या चित्रपटात आपल्याला मिळतो तो फक्त शब्द, पण तो प्रत्यक्षाचे कपडे घालून येतो. आपण ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लक्षात ठेवतो. दुसरी साक्ष सुरू झाल्यावर आपल्याला 'दरोडेखोर खोटं बोलला असेल' असं वाटण्याआधी 'पण मी तर पाहिलं होतं' असं वाटतं. साक्षीवर भरवसा का ठेवतो, हा प्रश्न पुस्तकात वाचून असा अंगावर येत नाही. चित्रपटाने इथे आपल्याला चूक करायला लावली आणि मग ती दाखवून दिली.

न्यायसूत्रात शब्दप्रमाणाची व्याख्या अगदी छोटी आहे: आप्ताचा उपदेश. आप्त कोण, तर ज्याला गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि जशी पाहिली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. या दोन अटी घेऊन चारही साक्षीदार तपासून बघा. पहिल्या तिघांपैकी दरोडेखोर म्हणतो मी मारलं. बायकोच्या सांगण्याचा रोख असा की तिच्याच हातून झालं असावं. सामुराई म्हणतो मी स्वतःच जीव दिला. खोटारडे साक्षीदार सहसा गुन्हा दुसऱ्यावर ढकलतात, इथे तिघंही तो ओढून घेतात! शिक्षा टाळण्यासाठी ते खोटं बोलत नाहीत, स्वतःच्या मनातली स्वतःची प्रतिमा सांभाळण्यासाठी बोलतात. आणि ज्याचा काही संबंध नाही असं वाटतं त्या लाकूडतोड्याने किमती खंजीर उचलल्याचं शेवटी उघडं पडतं. दुसरी अट चौघांतला कुणीच पुरी करत नाही. पहिली कितपत पुरी होते, म्हणजे स्वतःला खोटं सांगता सांगता माणसाला ते खरंच तसं आठवायला लागतं का, हा प्रश्न चित्रपट उघडा ठेवतो. मला वाटतं कुरोसावांचा खरा विषय तो आहे.

चित्रपटाने 'विचार केला' म्हणजे काय, याचा हा नमुना. आता 'मेमेंटो' (२०००) पाहू. लेनर्डला नव्या आठवणी ठेवता येत नाहीत, म्हणून तो फोटो, चिठ्ठ्या आणि अंगावरच्या गोंदणातून स्वतःला सूचना देत बायकोच्या खुन्याचा शोध घेतो. चित्रपटाची रंगीत दृश्यं उलट्या क्रमाने लावली आहेत. प्रत्येक दृश्य सुरू होताना आधी काय घडलं ते आपल्यालाही ठाऊक नसतं, म्हणजे लेनर्डची अवस्था आपल्यावर लादलेली असते. तत्त्वज्ञानातला जोडीदारही तयार आहे. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ च्या लेखात ऑटो नावाच्या, अल्झायमर झालेल्या माणसाची कल्पना केली. तो सगळं वहीत लिहून ठेवतो. दोघांचं म्हणणं असं की आपल्या स्मरणाचं जे काम मेंदू करतो तेच ऑटोची वही करते, तर ती वही ऑटोच्या मनाचाच भाग का मानू नये? वही नेहमी हाताशी हवी, तिच्यावर आपसूक विश्वास हवा, आणि त्यातलं आधी कधीतरी स्वतः मान्य करून लिहिलेलं हवं, अशा त्यांच्या अटी होत्या.

लेनर्डच्या चिठ्ठ्या या अटींत बसतात असं वाटत असतानाच शेवट येतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत. लेनर्ड स्वतःच, जाणूनबुजून, खोटा सुगावा लिहून ठेवतो, कारण आपण हे विसरणार आहोत आणि उद्याचा लेनर्ड त्यावर विश्वास ठेवणार आहे हे त्याला माहीत आहे. वही मनाचा भाग असेल, तर इथे एक मन स्वतःलाच ठरवून फसवतंय, आणि फसवणूक यशस्वी होते. मला तरी ऑटोच्या लेखात या शक्यतेला पुरेसं उत्तर दिसत नाही. जॉन लॉकनेही याआधी तीनशे वर्षांपूर्वी म्हटलं होतं की मी कालचाच मी आहे तो जाणिवेच्या आणि स्मरणाच्या धाग्यामुळे. त्याच्या हिशेबाने कालच्या लेनर्डच्या गुन्ह्याची शिक्षा आजच्या लेनर्डला द्यायची की नाही? गोंदणासकट?

वेळ हे चित्रपटाचं असं हत्यार आहे, जे पुस्तकाकडे नाहीच. वाचक आपल्या गतीने वाचतो, प्रेक्षकाला चित्रपटाच्या गतीने बसावं लागतं. शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दिएलमान' (१९७५) २०१ मिनिटांचा आहे. एका विधवेचे तीन दिवस, आणि त्यात बटाटे सोलणं, भांडी घासणं, पलंग आवरणं हे सारं जवळजवळ जेवढ्यास तेवढ्या वेळात, न हलणाऱ्या कॅमेऱ्याने. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं सुचत नाही. एरवी ज्याला कुणी दृश्य म्हणणार नाही ते इथे भूकंपासारखं वाटतं, कारण तोवर तिची लय आपल्या अंगात भिनलेली असते. योगायोग असा की त्याच वर्षी लॉरा मल्व्ही यांचा प्रसिद्ध निबंध आला. लोकप्रिय चित्रपटातला कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघतो, अशी त्यांची मांडणी. दोघी एकाच प्रश्नाकडे दोन वाटांनी आल्या. मल्व्हींनी युक्तिवाद लिहिला, आकेरमाननी कॅमेरा एका जागी ठेवला आणि तो हलवायचा नाकारला. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला. घरी दीडपट वेगाने बघून येणारे विद्यार्थी असतात. २०१ मिनिटं १३४ मध्ये उरकतात. त्यांनी गोष्ट पाहिलेली असते, युक्तिवाद मात्र गाळलेला असतो.

जिल देल्यूज या फ्रेंच तत्त्वज्ञाचे चित्रपटावरचे १९८३ आणि १९८५ चे दोन खंड इथे समोर येतात. थोडक्यात आणि बराच अन्याय करून सांगायचं तर त्यांचं म्हणणं असं: जुन्या चित्रपटात माणूस परिस्थिती बघतो, काहीतरी करतो, परिस्थिती बदलते. काळ त्या कृतीमागून फरफटत येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे साखळीबंद जग तुटलं. पडद्यावर अशी माणसं आली जी बघतात, पण काही करू शकत नाहीत, आणि कृती थांबल्यावर काळच उघडा दिसू लागतो. अशा प्रतिमेला ते 'काल-प्रतिमा' म्हणतात. देल्यूज अवघड आहेत आणि काही ठिकाणी विनाकारण अवघड आहेत, हे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही. त्यांची शब्दावली मात्र फार पटकन चिकटते. 'काल-प्रतिमा' हा शब्द पहिल्याच ओळीत दिसला की परीक्षकाचा चेहरा पडतो.

त्यामानाने स्टॅन्ली कॅव्हेल वाचताना माणूस बोलतोय असं वाटतं. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या कॅव्हेलनी १९८१ मध्ये १९३० आणि ४० च्या दशकांतल्या सात हॉलिवूड विनोदी चित्रपटांवर पुस्तक लिहिलं. हलकेफुलके, भांडखोर जोडप्यांचे चित्रपट. त्यांना दिसलं की या सगळ्यांत नायक-नायिका एकत्र येतील का हा प्रश्नच नाही. ती पुन्हा एकत्र येतील का, हा आहे. समोरच्याच्या मनात काय आहे याची खात्री कधीच मिळत नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना संशय. कॅव्हेलच्या मते ही जोडपी तो संशय पुराव्याने मिटवत नाहीत, एकमेकांशी बोलत राहून त्याच्यासह जगायला शिकतात. गंभीर विचारासाठी चित्रपटही गंभीर चेहऱ्याचा हवा हा समज यातून मोडतो.

एवढं ऐकल्यावर चांगल्या वर्गात कुणीतरी हात वर करतोच: हे सगळं तुम्ही म्हणताय, चित्रपट कुठे म्हणतोय? हरकत खरी आहे आणि पेझ्ली लिव्हिंग्स्टन यांनी २००६ मध्ये ती फार नेमकी मांडली. चित्रपटाने दिलेला विचार शब्दांत सांगता येतो, असं धरा. मग तो चित्रपटानेच द्यायला हवा होता असं काही उरत नाही, निबंधानेही चाललं असतं. बरं, शब्दांत सांगता येत नाही असं धरा. मग तो विचार आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? दोन्हीकडून पंचाईत.

बचावाची एक वाट थॉमस वॉर्टनबर्ग यांनी दाखवली: तत्त्वज्ञ तरी काय करतात? प्लेटोने गुहेची गोष्ट सांगितली, साखळदंडात बसलेली माणसं, मागे जाळ, समोर भिंतीवर सावल्या. गोष्टीने विचारप्रयोग होत असेल तर चित्रपटानेही व्हावा. हे पटतं, पण मला त्यात एक भर घालावीशी वाटते. तत्त्वज्ञाचे विचारप्रयोग मुद्दाम सडपातळ ठेवलेले असतात. फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये विचारलं, सुटलेली ट्रॅम रुळावरच्या पाच माणसांवर जाऊ द्यायची की वळवून एकावर घालायची? त्या पाच माणसांना चेहरे नाहीत, त्यातलं कुणी खोकत नाही. चित्रपटात चेहरा टाळताच येत नाही. पाऊस पडतो, कुणाची बाही फाटलेली असते, आणि सिद्धांताने मोजलं नव्हतं असं काहीतरी फ्रेममध्ये शिरतं. म्हणून चित्रपट सिद्धांत मांडण्यापेक्षा तो तपासायला जास्त कामाचा. लेनर्डने ऑटोचं केलं तसं. आणि लिव्हिंग्स्टनना उत्तर द्यायचं तर, मी वर 'राशोमोन'बद्दल सांगितलं ते सारं शब्दांतच सांगितलं. पण ते वाचून तुम्ही फसला नाहीत. चित्रपट बघताना फसाल.

अभ्यास म्हणून प्रत्यक्षात काय करायचं, तर चित्रपट दोनदा बघायचा. पहिल्यांदा वही बंद ठेवून, साध्या प्रेक्षकासारखा, कारण ज्याला चित्रपटाने पकडलंच नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, पूर्ण नाही, एकच प्रसंग. कट किती आहेत, कोणता शॉट सर्वांत लांब आहे, पात्राला जे माहीत आहे त्याहून जास्त आपल्याला माहीत आहे की कमी, संगीत कुठे बंद पडतं. सोबत वाचायला दिलेली वीस-तीस पानं असतात, आणि ती चित्रपटाआधी वाचावीत की नंतर यावर शिकवणाऱ्यांत एकमत नाही. मी नंतर वाचावीत या पक्षाचा. आधी वाचली की डोळे पुस्तकातलंच शोधत बसतात.

निबंधात निम्मी पानं कथेत जातात हा सगळ्यांचाच रोग. दुसरा रोग म्हणजे 'दिग्दर्शकाला इथे असं म्हणायचं आहे'. ते त्यांना विचारा, चित्रपट काय करतो ते तुम्ही सांगा. 'या दृश्यातून साक्षीची अविश्वसनीयता दिसून येते' हे वाक्य पटकथा वाचूनही लिहिता येतं. 'साक्षीदार कॅमेऱ्याकडे बघून उत्तर देतो आणि प्रश्न ऐकू येत नाही, त्यामुळे तपासणारा तो प्रेक्षक ठरतो' हे वाक्य लिहायला मात्र बघावं लागतं. दुसऱ्या वाक्यावर कुणी हरकत घेऊ शकतं, आणि हरकत घेता येणं ही तत्त्वज्ञानात मोठी दाद आहे.

बऱ्याच शिकवणाऱ्यांप्रमाणे मीही क्रिस मार्केर यांचा 'ला जेते' (१९६२) शेवटासाठी राखून ठेवीन. २८ मिनिटांचा हा चित्रपट जवळजवळ पूर्ण स्थिर छायाचित्रांचा आहे. एकामागून एक फोटो आणि निवेदकाचा आवाज. भविष्यातला एक माणूस आठवणीच्या धाग्याने भूतकाळात जातो आणि तिथल्या एका स्त्रीला भेटत राहतो. ती झोपलेली असतानाचे फोटो हळूहळू एकमेकांत मिसळत जातात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढतो, आणि एकाएकी ती डोळे उघडते. फोटो नाही, हललेलं चित्र. काही क्षण, आणि लगेच पुन्हा फोटो. प्रश्न असा विचारतात: त्या उघडझापीच्या आधी आपण जे बघत होतो तो चित्रपट होता का? हालचाल म्हणजे चित्रपट मानणारे नाही म्हणतात. म्युन्स्टरबर्गच्या बाजूचे म्हणतात, हालचाल आपल्या मनात चालूच होती. बाझँच्या बाजूचे मुद्दा काढतात की फोटोतली ती स्त्री 'होती' वाटते आणि डोळे उघडताच 'आहे' वाटते, आणि मग एकाच माणसाच्या आठवणीत हा काळाचा फरक कुठून आला यावर वाद रंगतो. पण त्या आधी नेहमी एक अडचण येते. तो क्षण इतका छोटा आहे की नेमकं त्याच वेळी वहीत मान घालून टिपण काढणाऱ्यांना तो दिसतच नाही. ते शेजाऱ्याला विचारतात, कधी हलली? मग दिवे पुन्हा मालवायचे आणि चित्रपट मागे न्यायचा.